कार्ताझ, दस्तक आणि मिठाची जकात : समुद्रावर हुकूम कोणाचा?

सुकाणू

शाळेच्या पुस्तकात पोर्तुगीजांचा कार्ताझ एका वाक्यात उरकतात : परवान्याशिवाय ते कोणाचं जहाज फिरू देत नसत. सोळाव्या शतकात अरबी समुद्रावर सत्ता कोणाची होती हे समजून घ्यायचं तर लढायांपेक्षा या कागदाकडे बघावं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

कागदात आधी जहाजाचं नाव, मग नाखुद्याचं, म्हणजे जहाजाच्या कप्तानाचं. जहाज केवढं, खलाशी किती, तोफा-बंदुका किती. कुठून निघणार, कुठे जाणार. परवाना ठरावीक मुदतीचा, बहुतेक एका सफरीपुरता. मग काय न्यायचं नाही त्याची यादी : मिरी, दालचिनी, सुंठ, लोखंड, तांबं, शिसं, सोरा, गंधक, जहाजाचं लाकूड, काथ्या. ही यादी नीट वाचण्यासारखी आहे. मिरी, दालचिनी आणि सुंठ या मसाल्यांवर पोर्तुगालच्या राजाची मक्तेदारी होती, म्हणून ते बंद. बाकी सगळा युद्धाचा माल. सोरा आणि गंधकाशिवाय तोफेची दारू होत नाही, आणि आपल्याकडची कितीतरी तारवं काथ्यानेच शिवलेली असत. म्हणजे एकाच कागदात व्यापारी मक्तेदारी आणि शत्रूची शस्त्रबंदी, दोन्ही. माणसांनाही बंदी होती : तुर्कांना, म्हणजे रूमींना, नेता येत नसे.

परवान्याची फी किरकोळ होती. इथेच बहुतेक जण फसतात आणि 'परवाना विकून पैसा कमावला' असं लिहितात. पैसा होता जकातीत. कार्ताझ घेणाऱ्या जहाजाला जाता-येता गोवा, दीव किंवा इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मूझ अशा पोर्तुगीज बंदरात नांगर टाकून जकात भरावी लागे. कागदाचं काम जहाज जकातनाक्याकडे ओढून आणायचं. कागद नसेल किंवा लिहिल्याबाहेरचा माल सापडला, तर जहाज मालासकट जप्त.

या पद्धतीची सुरुवात १५०२ च्या सुमाराची. १५०५ पासून पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा याच्या काळात तिला घट्ट रूप आलं. पुढे नाकी एकेक करून ताब्यात आली : गोवा १५१०, मलाक्का १५११, होर्मूझ १५१५, दीवचा किल्ला १५३५. मूठभर जहाजांनी एवढा समुद्र राखला कसा, याचं उत्तर पावसाळ्यात आहे. जून ते ऑगस्ट पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं बंद. तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये सुटणार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परतणार. वारा सगळ्यांना एकाच वेळी, एकाच वाटेवर आणून सोडतो. गस्त वर्षभर घालावी लागत नाही, सर्व समुद्रभरही नाही. ठरलेल्या आठवड्यांत ठरलेल्या तोंडांवर उभं राहिलं की झालं.

आता गळती कुठे झाली ते. तांबड्या समुद्राचं तोंड म्हणजे एडन. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने १५१३ मध्ये तिथे हल्ला केला, पण तटाला लावलेल्या शिड्या माणसांच्या भाराने मोडल्या आणि हल्ला फसला. एडन कायमचं कधीच हाती आलं नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमात्राच्या आचेहून मालदीवच्या बाजूने थेट तांबड्या समुद्रात जाणारी मिरीची वाट चांगली रुळली. तिच्यावर पोर्तुगीज नाकंच नव्हतं. दुसरी गळती घरातली : किल्ल्यांचे कप्तान आणि अधिकारी स्वतः खासगी व्यापार करत आणि राजाच्या मक्तेदारीतला माल बाजूने काढून देत. तिसरं कारण भावाचं. पोर्तुगीजांनी मलबारात मिरीची खरेदी करारातल्या ठरीव, कमी भावाने चालवली. बाजारात जास्त भाव देणारा गिऱ्हाईक उभा असताना शेतकऱ्याने आणि दलालाने माल कोचीनच्या वखारीत का घालावा? चांगला माल डोंगरवाटांनी दुसरीकडे जाई, वखारीत ओली आणि कचऱ्याची मिरी पडे.

मराठ्यांच्या दस्तकाबद्दल, म्हणजे त्यांच्या परवान्याबद्दल, इथल्या जाणकारांनी लिहावं. आणि चर्चा लढायांच्या यादीकडे वळू नये ही विनंती.

पडाव

उत्तम धागा. एक शंका. गुजरातच्या सुलतानाकडे आणि नंतर अकबराकडे एवढी फौज होती. त्यांनी हा कागद का स्वीकारला? 'समुद्रावरच्या लढाया हा व्यापाऱ्यांचा मामला, त्यात राजाची इभ्रत नाही' असं बहादूरशहाच्या तोंडचं वाक्य नेहमी सांगतात. तेवढंच कारण होतं का?

जुने कागद

पडाव, त्या वाक्यावर फार भार टाकू नये. गुजरातच्याच सलतनतीचा दीवचा सुभेदार मलिक अयाझ आरमार बाळगून होता. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक आरमाराने त्याच्या मदतीने पोर्तुगीजांना हरवलं. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो तिथे मारला गेला. रेवदंडा-चौलला जाणाऱ्यांनी ही लढाई लक्षात ठेवावी, कारण हिंदी महासागरात पोर्तुगीजांना बसलेला तो पहिला मोठा फटका. पुढच्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी, दीवसमोर मामलुक, गुजरात आणि कालिकत यांचं एकत्र आरमार बुडालं. म्हणजे प्रयत्न झाला होता आणि तो हरला होता.

त्यानंतरचा हिशेब साधा आहे. मोठ्या जमिनीच्या राज्याचं बहुतेक उत्पन्न शेतसाऱ्याचं. बंदरांची जकात त्यापुढे थोडी. आरमार उभं करायचं तर गोदी, सागवान, तोफा ओतणारे कारागीर, गोलंदाज आणि बारमाही पगार हे सगळं आलं. त्याउलट व्यापारी कार्ताझ घेतो, पोर्तुगीज जकात भरतो आणि तो खर्च मालाच्या भावात घालतो. सुरतेच्या बंदरात माल येतच राहतो आणि बादशहाची जकातही वसूल होत राहते. गोव्याशी युद्ध करण्यापेक्षा हे स्वस्त होतं. यात भित्रेपणा नाही, पण दूरदृष्टीही नाही.

हिशेब मोडतो तो पैसा सोडून दुसरं काही अडकतं तेव्हा. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजला निघाली आणि जहाजाच्या परवान्याच्या भानगडीत सुरतेला महिनोनमहिने अडकून पडली. परवान्यावर येशू आणि मरियमचं चित्र असे. मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी याने तर असं मत दिलं, की समुद्रमार्गे जायचं तर ती चित्रं असलेला कागद घ्यावा लागतो आणि खुष्कीच्या वाटेवर इराणचे शिया, म्हणून सध्या हज बंधनकारक नाही. जमिनीवरच्या सगळ्यात बलाढ्य बादशहाच्या राज्यात धर्मशास्त्राचा निर्णय एका परकीय परवान्यामुळे बदलायला लागावा, यापेक्षा मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

आणि १६१३ मध्ये 'रहीमी' जहाजाचं प्रकरण झालं. मालकीण जहांगीरची आई मरियम-उझ-झमानी. कार्ताझ होता, तरी पोर्तुगीजांनी सुरतेजवळ ते धरून प्रवासी आणि मालासकट गोव्याला नेलं. चिडण्याचं कारण इंग्रज. आदल्या वर्षी सुरतेजवळच्या सुवाळीला पोर्तुगीज इंग्रजांपुढे हटले होते आणि मोगल इंग्रजांना सुरतेत थारा देत होते. जहांगीरने समुद्रावर काही करता येत नव्हतं म्हणून जमिनीवरून गळा आवळला : पोर्तुगीज व्यापार बंद, दमणला वेढा, आग्र्याच्या जेझुइटांचं चर्च बंद आणि त्यांचे तनखे थांबवले. १६१५ मध्ये तह झाला. पण परवाना घेऊनही जहाज धरलं जातं हे एकदा दिसल्यावर त्या कागदाची किंमत उतरली ती उतरलीच. संरक्षण विकणाऱ्याने शब्द मोडला तर गिऱ्हाईक दुसरा रखवालदार बघतं. इथे तो शेजारी तयारच उभा होता.

खाडीकाठ

घोड्यांचा मुद्दा राहिला. दख्खनच्या हवेत चांगले घोडे निपजत नाहीत, ते अरबस्तानातून आणि इराणातून होर्मूझमार्गे यायचे. विजापूर आणि विजयनगर दोघांचं घोडदळ यावर अवलंबून. गोवा हाती येताच पोर्तुगीजांनी घोड्यांची जहाजं गोव्यालाच लागावीत असा दंडक केला. घोड्यांवरची जकात हा गोव्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता.

जकातीइतकंच महत्त्व घोडे कोणाला विकायचे याला. १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने विजयनगरच्या सदाशिवरायाशी तह केला : गोव्यात येणारे घोडे विजयनगरला मिळतील, आदिलशहाला नाही. बदल्यात विजयनगरने आपला माल पोर्तुगीजांच्या सोयीच्या बंदरांकडे वळवायचा आणि विजापूरशी तो व्यापार करायचा नाही. निर्यातबंदीने शेजाऱ्याची फौज लंगडी करण्याचा हा सरळ करार आहे. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांनी विजापूरशीही जुळवून घेतलं. दोन्ही गिऱ्हाइकं हातात ठेवणाऱ्यालाच अशा बंदीचा फायदा, एकाला कायमचं तोडलं तर भाव पडतो.

गुराब

दस्तकाबद्दल. आधी शब्द स्पष्ट करतो : कार्ताझ पोर्तुगीजांचा. मराठी दप्तरात दस्तक म्हणजे वाटेवर अडवू नये म्हणून दिलेला परवाना, आणि कौल म्हणजे व्यापाऱ्याला दिलेलं अभयाचं आणि सवलतीचं वचन. बंदरावर जिथे माल उतरून हशील, म्हणजे जकात, घ्यायचं ती मांडवी. मुंबईतल्या मांडवीचं नाव त्यावरूनच.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमार बांधायला घेतलं, १६६४ मध्ये सिंधुदुर्ग सुरू केला, १६७९ मध्ये खांदेरी बेटावर तटबंदी घातली. खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडावर आहे. तिथे तोफ बसली की इंग्रजांच्या बंदरात काय जातं-येतं ते दिसतं आणि अडवताही येतं. म्हणूनच इंग्रज आणि सिद्दी दोघं त्यावर तुटून पडले, तरी बेट मराठ्यांकडेच राहिलं.

या सगळ्याचं पद्धतशीर परवान्यात रूपांतर केलं ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्र्यांनी. साधनं कोणती होती ते सांगितल्याशिवाय ही पद्धत समजत नाही. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज. तीन डोलकाठ्यांचं साधारण ३०० टनांपर्यंत, दोनचं १५० पर्यंत. नाळेवर ९ किंवा १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा सरळ पुढे मारणाऱ्या. गलबत त्याहून लहान, ७० टनांच्या आत, ४० ते ५० वल्ह्यांचं, २ ते ४ पौंडी सहा-आठ तोफांचं. युरोपीय जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असतात. वारा पडला की ते जहाज जागच्या जागी लाकडासारखं पडतं आणि कूस फिरवता येत नाही. अशा वेळी गलबतं वल्हवत गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला आणत. तिथून गुराबा डोलकाठ्या आणि शिडं फोडत, आणि जहाज लुळं पडलं की गलबतांतून माणसं चढत. उथळ पाण्यातून खाडीत शिरायचं असेल तर मागे येणारं खोल तळाचं जहाज रुततं. म्हणून हे आरमार कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशा खाडीच्या मुखांवरून काम करी. खोल समुद्रात, भर वाऱ्यात मात्र मोठ्या युरोपीय जहाजापुढे ते उणं पडे. दस्तकाचा अंमल किनाऱ्यालगतच्या पाण्यापुरता चालला याचं हे यांत्रिक कारण आहे, इच्छाशक्तीचा प्रश्न नव्हता.

आता वाद. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांकडे आले. त्याच वर्षी इंग्रजांशीही समझोता झाला. कंपनीच्या जहाजांना त्रास द्यायचा नाही हे कान्होजींनी मान्य केलं. भांडण झालं ते 'इंग्रजांचं जहाज' कशाला म्हणायचं यावर. मुंबईच्या हिंदी व्यापाऱ्यांची जहाजं आणि माल, कंपनीच्या नोकरांचा खासगी व्यापार, हे सगळं इंग्रजी निशाणाखाली चालू लागलं. कान्होजींचं म्हणणं : करार कंपनीशी आहे. निशाण उसनं घेऊन जो जातो त्याने आमचं दस्तक घ्यावं. मुंबईचं म्हणणं : आमच्या निशाणाखाली जे आहे ते आमचं. इंग्रजांनी हे मान्य केलं असतं तर मुंबईत राहण्यात व्यापाऱ्याला काय लाभ? मुंबई बंदर वाढवायचं तर तिथल्या व्यापाऱ्याला दस्तकाविना समुद्र मोकळा हवा होता. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर मोहिमा काढल्या, १७२१ अखेरीस पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर. तिन्ही फसल्या. १७२९ मध्ये कान्होजी वारले तोवर दस्तक चालू होतं.

पडाव

गुराब, तोफांबद्दलची माहिती अतिशय उपयोगी. पण इंग्रज त्यांना 'चाचे' म्हणत. कायद्याच्या भाषेत त्यात तथ्य किती?

जुने कागद

परवाना देणं, करार करणं, ठरावीक जकात घेणं, छत्रपतींच्या नावाने पद धारण करणं, ही सगळी राज्याची लक्षणं आहेत. कान्होजी जे करत होते तेच पोर्तुगीज दोनशे वर्षं करत होते. 'चाचा' हा शब्द समोरच्याचा परवाना मानायचा नाही हे सांगायला वापरलेला आहे, त्याला वर्णन समजू नये.

पोर्तुगीजांनी स्वतःच्या हक्काला आधार काय दिला? राजा मानुएलने १४९९ पासून बिरुद घेतलं : इथियोपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी. तिथली एक तसूही जमीन हातात नव्हती तेव्हाचं हे बिरुद आहे. पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याने पुढे युक्तिवाद केला, की युरोपात समुद्र सर्वांना खुला असला तरी ख्रिस्ताच्या कायद्याबाहेरच्या लोकांना तो हक्क लागू नाही.

उलट बाजूची गोष्ट १६०३ ची. डचांनी सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचं 'सांता कातारीना' जहाज लुटलं. त्या लुटीचं समर्थन लिहायला ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाला सांगितलं गेलं. त्यातलाच एक भाग १६०९ मध्ये 'मारे लिबेरुम', म्हणजे मोकळा समुद्र, म्हणून छापला. समुद्र कोणाच्याच मालकीचा होऊ शकत नाही हे तत्त्व आज सगळे त्याच्याच नावाने सांगतात. १६१३ मध्ये हाच ग्रोशियस डचांचा वकील म्हणून लंडनला गेला आणि मसाल्याच्या बेटांवर इंग्रजांनी येऊ नये, कारण तिथल्या लोकांनी माल फक्त डचांना द्यायचा करार केला आहे, असं मांडलं. इंग्रजांनी त्याच्याच पुस्तिकेतली वाक्यं त्याला वाचून दाखवली. तत्त्व खोटं नव्हतं. पण नाकं दुसऱ्याच्या हातात असतं तेव्हा मोकळा समुद्र हवा असतो आणि आपल्या हातात आलं की करार आठवतात.

मिठागर

सगळी चर्चा जहाज अडवण्याची चालली आहे. जहाज न अडवता, नुसता जकातीचा दर बदलून राज्य कसं राखतात याचं आपल्याकडचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांचं १६७१ चं कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं मिठाबद्दलचं पत्र.

परिस्थिती अशी. गोव्यातलं बारदेश पोर्तुगीजांकडे, तिथली मिठागरं मोठी, मीठ स्वस्त. संगमेश्वराकडचं मीठ स्वराज्यातलं, पण बारदेशाच्या भावाशी टिकत नव्हतं. घाटावर मीठ नेणारे व्यापारी बैलांचे तांडे घेऊन येतात. ते नुसतं मीठ नेत नाहीत, येताना धान्य आणि घाटावरचा माल आणतात. मीठ जिथे स्वस्त तिथे तांडा उतरतो, आणि तांडा उतरतो तिथेच बाकीचा बाजार भरतो. म्हणजे मिठाच्या भावातल्या फरकाने स्वराज्याच्या बंदरांचा सगळाच व्यापार बारदेशाकडे ओढला जात होता.

महाराजांनी सांगितलं ते असं : संगमेश्वराकडचं मीठ जकातीसकट कितीला पडतं ते बघा, आणि बारदेशाच्या मिठावर एवढी जबर जकात बसवा की ते त्यापेक्षा महाग पडावं. आजच्या भाषेत देशी माल ज्या भावाला पडतो त्याच्याशी बांधलेलं आयात शुल्क. कारणही पत्रातच आहे : हे केलं नाही तर व्यापारी बारदेशाकडे लागतील आणि आपली बंदरं पडतील.

यात कारभाराची नजर दिसते ती अशी, की दर मनाने ठरवलेला नाही, दोन ठिकाणच्या भावांतला फरक काढून ठरवलेला आहे. दर कमी पडला तर उपयोग शून्य. फार जास्त झाला तर चोरवाटा सुरू होतात. कुडाळ आणि बारदेश यांच्यामध्ये अडवायला मोठा डोंगर नाही, रात्री बैल हाकून नेणं अवघड नव्हतं. म्हणून जकातीचा हुकूम त्या मुलुखातल्या नाक्यांवर हुकमत असलेल्या सरसुभेदाराला आहे. नाकी नसतील तर दर कागदावरच राहतो.

सुकाणू

मिठागर, हे उदाहरण माझ्याकडून सुटलं होतं. मनापासून आभार. हा भाग धाग्याचा गाभा आहे.

पूर्वपुरी

दस्तक या शब्दाची दुसरी गोष्ट बंगालमधली. ती इथे यायलाच हवी, कारण तिथे परवाना उलटा चालला : राज्याने दिलेल्या सवलतीने राज्यच पोखरलं.

१७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाने कंपनीला फर्मान दिलं : वर्षाला ३००० रुपये भरले की बंगालमध्ये कंपनीच्या मालावर जकात नाही. नाक्यावर दाखवायला कंपनीचा अधिकारी सहीचं दस्तक देई. हेतू फक्त कंपनीच्या आयात-निर्यातीपुरता होता. पण दस्तक लिहिणारा हात कंपनीचाच. नोकरांनी आपल्या खासगी मालासाठी ते वापरलं, पुढे हिंदी व्यापाऱ्यांना विकलंही. मीठ, सुपारी, तंबाखू हा देशांतर्गत व्यापार, ज्याचा आयात-निर्यातीशी संबंध नव्हता, तोही त्याखाली चालू लागला. नवाबाच्या नाकेदाराला कागद खरा की खोटा हे ओळखायची सोय नव्हती. १७५७ च्या प्लासीनंतर तर विचारायची हिंमतही उरली नाही. इंग्रजांचे गुमास्ते, म्हणजे हस्तक, निशाण लावून नाक्यावरून सरळ जात.

परिणाम दुहेरी. नवाबाची जकात बुडाली, आणि जकात भरणारा देशी व्यापारी न भरणाऱ्यासमोर भावात हरला. नवाब मीर कासिमने १७६२ च्या शेवटी कंपनीचा गव्हर्नर व्हॅन्सिटार्टशी तडजोड केली : इंग्रजांनी खासगी देशांतर्गत व्यापारावर ९ टक्के द्यावेत. देशी व्यापारी याहून कितीतरी जास्त भरत होते. कंपनीच्या कलकत्त्याच्या कौन्सिलने तेही फेटाळलं आणि फक्त मिठावर अडीच टक्के देऊ म्हणून सांगितलं.

मग मार्च १७६३ मध्ये मीर कासिमने जे केलं ते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धारदार पाऊल आहे. त्याने सगळ्यांवरचीच अंतर्गत जकात उठवली. कंपनीचा एक पैसाही वाढवला नाही, फक्त देशी व्यापाऱ्यालाही तेवढाच मोकळा केला. दस्तकाची किंमत एका दिवसात शून्य झाली. कौन्सिलने मागणी केली की देशी व्यापाऱ्यांवर जकात पुन्हा बसवा. आपल्याला सूट हवी एवढ्यावर ते थांबले नाहीत, दुसऱ्यांवर कर हवा असा त्यांचा आग्रह होता. यावरून युद्ध पेटलं, ऑक्टोबर १७६४ मध्ये बक्सारला संपलं, आणि १२ ऑगस्ट १७६५ रोजी शाह आलमने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी कंपनीला दिली. बदल्यात वर्षाला २६ लाख. जकात चुकवणाऱ्याकडेच शेतसारा गोळा करायचं काम गेलं.

मीर कासिमचं चुकलं कुठे असा प्रश्न कोणी विचारेल. जकात रद्द करण्यात चूक नव्हती. पण मुंगेरला त्याने बंदुका आणि फौज घडवायला सुरुवात केली होती ती पुरेशी तयार होण्याआधी हे पाऊल पडलं.

खाडीकाठ

आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याच सुमारास दस्तक संपलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रावरून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांची फौज अशा दुहेरी हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला आणि बंदरातलं आरमार जळालं. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते हे खरं आहे. तरी मराठी राज्याची समुद्रावर परवाना वसूल करायची ताकद मराठी राज्याच्याच मदतीने जळाली, हे वाचताना आजही वाईट वाटतं. पेशव्यांकडे वेगळं आरमार उरलं, पण इंग्रजी जहाजाला दस्तक विचारेल असं ते नव्हतं. तीन वर्षांनी, १७५९ मध्ये, कंपनीने सुरतेचा किल्ला घेतला आणि मोगल आरमाराच्या अधिकाऱ्याचं पदही, जे आधी सिद्दींकडे होतं. त्यानंतर सुरतेच्या व्यापाऱ्याने परवाना कोणाकडे मागायचा हा प्रश्न उरला नाही.

पडाव

मूळ कार्ताझ कुठे बघायला मिळतात?

सुकाणू

पणजीच्या अभिलेखागारात कार्ताझांच्या नोंदी असलेली बाडं आहेत. हाच तो दप्तरखाना, ज्याची मांडणी पांडुरंग पिसुर्लेकर यांनी लावली. पोर्तुगीज हस्ताक्षर वाचायचा सराव लागतो, पण नोंदी साच्यातल्या असतात. दहा-बारा वाचल्या की साचा डोळ्यांत बसतो. वाचताना तीन गोष्टींवर बोट ठेवा. एक, मालक आणि नाखुदा वेगवेगळे आहेत का : मालक राजा, सरदार किंवा बडा सावकार असेल तर त्या परवान्यामागे तह असण्याचा संभव जास्त. दोन, तारीख : पावसाळ्याआधीची की नंतरची, त्यावरून जहाज कोणत्या दिशेला निघालं ते कळतं. तीन, मनाई केलेल्या मालाची यादी : ती ज्या वर्षी लांबते किंवा आखूड होते, त्या वर्षी पोर्तुगीजांचं कोणाशी बिनसलं होतं किंवा जुळलं होतं ते शोधा.